बारा व्होल्ट गेले कुठे?

मुक्ताईनगरहून चांगदेवला गेलात, तर तापी आणि पूर्णा यांचा संगम पाहायला मिळतो. हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झाले. तेव्हापासून धरणाचे पाणी मागे संगमापर्यंत पसरते आणि नदीचे पात्र एखाद्या तलावासारखे रुंद दिसते. उन्हाळ्यात शांत असणारे हे पाणी पावसाळ्यात मात्र ओळखू येत नाही. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उघडले, की पाण्याची ओढ वाढते. अशा वेळी नावाड्याच्या हातात वल्हे असेल, तर निदान ते तरी त्याचे ऐकते. पण होडी इंजिनावर चालणारी असेल आणि नेमक्या वेळी इंजिन सुरूच झाले नाही तर?

हा प्रश्न मोठ्या होड्यांच्या बाबतीत नेहमी उभा राहतो. मुंबईला गेट वे ऑफ इंडियापासून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लाँच तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. कोकणातल्या बंदरांत मासेमारीचे ट्रॉलर उभे असतात. या बोटींचे डिझेल इंजिन बाहेर टांगलेले नसते. ते बोटीच्या पोटात, तळाशी बसवलेले असते. बोट जुनी झाली, की एक तक्रार हमखास ऐकू येते : "बॅटरी नवी घातली, दिवे लख्ख लागतात, पण इंजिन काही फिरत नाही!"

दिवे लागतात, म्हणजे वीज आहे. मग इंजिन का फिरू नये? या कोड्याचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. कसे, ते पाहू.

हँडलपासून किल्लीपर्यंत

खानदेशात ऑइल इंजिन कोणाला माहीत नाही? विहिरीवर पंप चालवणारे हे इंजिन हाताने सुरू करीत. एकाने झडप उघडी ठेवणारी खिट्टी उचलायची, दुसऱ्याने हँडल जोरात फिरवायचे. जड चाकाने वेग घेतला, की खिट्टी सोडायची. त्याबरोबर सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, तापते, आणि डिझेल पेटून इंजिन 'धक् धक्' करू लागते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे येथे ध्यानात घ्या. दट्ट्या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्शात कोंबतो. त्यामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. मात्र ही क्रिया झपाट्याने झाली पाहिजे. इंजिन रेंगाळत फिरले, तर दाबलेली हवा दट्ट्याच्या कडेने निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींना मिळते आणि डिझेल पेटत नाही. म्हणजे इंजिन केवळ फिरवून भागत नाही, ते वेगाने फिरवावे लागते.

मोटारीचे हँडल फिरवताना ते उलट फिरून मनगटे मोडत असत. यावर अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने १९११ साली उपाय काढला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला. इंजिन फिरवायला विजेची मोटर लावायची तर ती फारच मोठी लागेल, असे तोपर्यंत अनेकांना वाटे. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील पैसे मोजण्याच्या यंत्रासाठी लहान मोटर बनवली होती. त्यांनी ओळखले, की स्टार्टरला काही सेकंदच काम करायचे आहे. तेवढ्या वेळापुरती लहान मोटरही तिच्या कुवतीपेक्षा पुष्कळ अधिक जोर लावू शकते. आज ट्रॅक्टरमध्ये, एस. टी. च्या गाडीत आणि लाँचमध्ये हीच कल्पना वापरलेली असते.

दोन परिपथ, एक काम

स्टार्टरच्या जोडणीत दोन परिपथ असतात. पहिला मोठा. बॅटरीच्या धन अग्रापासून जाड केबल मुख्य स्विचमधून स्टार्टरपर्यंत जाते. स्टार्टर इंजिनाच्या लोखंडी अंगावर घट्ट बसवलेला असतो. त्या अंगावरून दुसरी जाड केबल बॅटरीच्या ऋण अग्राकडे परत येते. छोट्या डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरताना या वाटेने १०० ते २०० अँपिअर विद्युतधारा वाहते. घरातील १०० वॅटच्या दिव्यातून अर्धा अँपिअरसुद्धा वाहत नाही, हे आठवा.

एवढी धारा हाताने चालू-बंद करणे धोक्याचे. म्हणून दुसरा, छोटा परिपथ असतो. किल्ली फिरवली, की बारीक तारेतून धारा सोलेनॉइडमध्ये जाते. तुमच्या पुस्तकातील नालकुंतल ते हेच. त्याच्या चुंबकत्वाने आतला लोखंडी दांडा ओढला जातो आणि दोन कामे एकदम करतो. एक, स्टार्टरचे लहान दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकवतो. दोन, तांब्याचे दोन जाड संपर्क जोडून मोठा परिपथ पूर्ण करतो. छोट्या धारेने मोठ्या धारेला हुकूम द्यायचा, अशी ही योजना आहे.

आधी कान, मग पाना

चांगला मिस्त्री पाना हातात घेण्यापूर्वी आवाज ऐकतो. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते, त्यावरून दोष कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

काहीच आवाज आला नाही, तर छोट्या परिपथावर संशय घ्यावा. फ्यूज, किल्लीचा स्विच, तारांची जोडणी यांपैकी कोठे तरी धारा अडली आहे. जुन्या लाँचमध्ये किल्ली सुकाणूजवळ आणि इंजिन बरेच दूर असते. इतक्या लांब बारीक तारेत आणि वाटेतल्या जुन्या जोडांत दाब घटतो आणि सोलेनॉइडला पुरेसा मिळत नाही. इंजिनाजवळ एक रिले बसवला, की लांबच्या तारेला फक्त त्या रिलेपुरती अल्प धारा वाहून न्यावी लागते.

'टक्‌टक्‌टक्‌टक्' असा भराभर आवाज आला, तर सोलेनॉइड दांडा ओढतो आहे, पण मोठा परिपथ पूर्ण होताच दाब इतका कोसळतो, की दांडा सुटतो. दांडा सुटला, की मोठी धारा थांबते, दाब पुन्हा वाढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरली असेल किंवा एखादा जाड जोड खराब असेल, तर असे होते.

एकच 'ठक्' असा आवाज येऊन सर्व शांत झाले, तर सोलेनॉइडचे संपर्क जळलेले असतील, स्टार्टरचे कार्बन ब्रश झिजले असतील, किंवा इंजिनच अडकले असेल. सिलिंडरमध्ये पाणी शिरले तरी इंजिन असे अडकते. म्हणून पुन्हा पुन्हा किल्ली न मारता इंजिन हाताने फिरते का, ते आधी पाहावे.

मोटर 'गर्र' करून मोकळी फिरली आणि इंजिन जागचे हलले नाही, तर दाते दातांत अडकत नाहीत, हे उघड आहे.

आणि इंजिन कण्हत कण्हत, रेंगाळत फिरले, तर? जुन्या बोटींत हीच तक्रार फार आढळते, आणि तिच्याच बाबतीत माणूस हमखास फसतो.

फसवा दिवा

समजा, एक तांडेल आपल्या जुन्या लाँचची अशी तक्रार घेऊन आला आहे. त्याने बॅटरी नवी घातली, तरी फरक नाही. आता नवा स्टार्टर घ्यायला तो निघाला आहे. आपण त्याला थोडे थांबवू.

मिस्त्री १२ वॅटचा दिवा स्टार्टरचे जाड टर्मिनल आणि इंजिनाचे अंग यांच्यात धरतो. दिवा झगझगीत लागतो. "येथवर वीज येते आहे. म्हणजे स्टार्टरच गेला!" असा निष्कर्ष निघतो. पण तो निघतो का, ते ओहमच्या नियमाने तपासू.

वाटेत एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ०.०६ ओहम आहे, असे धरा. १२ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर १ अँपिअर धारा लागते. जोडात नष्ट होणारा दाब

१ × ०.०६ = ०.०६ व्होल्ट.

बारा व्होल्टपैकी एवढा दाब गेला, तर दिव्याला पत्ताही लागत नाही. आता त्याच जोडातून ८० अँपिअर वाहू द्या :

८० × ०.०६ = ४.८ व्होल्ट.

जवळजवळ पाच व्होल्ट एका जोडातच संपले! जोड तोच, रोध तोच, पण दिव्याला जो दोष दिसत नाही, तोच स्टार्टरला लंगडा करतो. आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचे, तर चिखलाने तुंबलेल्या पाटातून तांब्याभर पाणी सहज जाते, पण मळा भिजवायचा म्हटला की पाट तुंबलेला कळतो.

म्हणून नियम असा : मोठ्या धारेच्या वाटेची परीक्षा मोठी धारा वाहत असतानाच घ्यावी. धारा नसेल, तर रोधात दाब घटतच नाही आणि व्होल्टमीटर सगळीकडे १२.६ दाखवून तुमचे खोटे समाधान करतो.

हरवलेल्या व्होल्टचा शोध

आता साधा मल्टिमीटर घेऊ. तो २० व्होल्ट एकदिश दाबावर लावू. इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून डिझेल बंद करणारा दांडा ओढून ठेवू. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने आकडा वाचायचा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त किल्ली धरायची नाही आणि प्रत्येक वेळी मिनिटभर स्टार्टरला थंड होऊ द्यायचे.

प्रथम बॅटरी. काही तास स्वस्थ असलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्ट किंवा किंचित जास्त असतो. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बहुतेक रिकामी. तांडेलाची बॅटरी १२.६ दाखवते. किल्ली फिरवल्यावर बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये ११.८ व्होल्ट मिळतात. हा आकडा ९.६ च्या खाली गेला असता, तर बॅटरीवर किंवा अडकलेल्या मोटरवर संशय घेतला असता. म्हणजे बॅटरी निर्दोष.

आता स्टार्टरचे टर्मिनल आणि स्टार्टरचे अंग यांच्यात मोजू. किल्ली फिरवल्यावर फक्त ६.२ व्होल्ट! बॅटरी ११.८ देते, स्टार्टरला ६.२ मिळतात. ५.६ व्होल्ट वाटेत कोठे तरी गेले.

किरचॉफचा नियम सांगतो, की परिपथातील सर्व दाबांची बेरीज जुळलीच पाहिजे. म्हणून वाट तुकड्यातुकड्याने मोजू. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन अग्रावर, दुसरे स्टार्टरच्या टर्मिनलवर : ०.४ व्होल्ट. ही बाजू ठीक. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते. आता एक टोक ऋण अग्रावर, दुसरे स्टार्टरच्या अंगावर : ५.२ व्होल्ट. चोर परतीच्या वाटेवर आहे!

०.४ + ५.२ + ६.२ = ११.८. हिशेब जुळला.

परतीच्या वाटेचेही तुकडे करू. ऋण अग्र ते त्यावरचा चिमटा : ०.१. चिमटा ते केबलच्या दुसऱ्या टोकाचा लग : ०.२. लग ते इंजिनाचे अंग : ४.९. सापडला! लग इंजिनावर बोल्टने आवळलेला आहे, पण त्याच्याखाली कधीकाळी दिलेला रंग आणि वर्षानुवर्षांचा गंज आहे. बाहेरून बोल्ट घट्ट, आतून संपर्क नाममात्र.

तेथे किती ऊर्जा वाया जाते पाहा. ८० अँपिअर गुणिले ४.९ व्होल्ट म्हणजे सुमारे ३९० वॅट. २५ वॅटची पंधरा सोल्डरिंग आयर्न एका बोल्टखाली तापवल्यासारखे झाले! म्हणून असा जोड पटकन तापतो. त्याला सावधपणे हात जवळ नेऊन पाहणे, हीदेखील एक परीक्षाच आहे.

उपाय? बॅटरीचे ऋण टोक सोडवायचे, बोल्ट काढायचा, लग आणि इंजिनाची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायची, पुन्हा घट्ट आवळायचे आणि वरून थोडे ग्रीस लावायचे. जोडाचा रोध गेला, की याच हिशेबाने धारा ८० वरून सुमारे १३० अँपिअरवर जाते आणि स्टार्टरला दहा व्होल्टच्या वर दाब मिळतो. या प्रकारच्या मोटरचा फिरवण्याचा जोर ढोबळमानाने धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १३० चा वर्ग भागिले ८० चा वर्ग : अडीचपटीहून अधिक जोर! रेंगाळणारे इंजिन झटक्यात का फिरू लागते, ते आता कळले असेल. खर्च झाला पॉलिश पेपरचा. नव्या स्टार्टरचे पैसे वाचले, आणि बोट धक्क्याला बसून बुडालेले कामाचे दिवसही वाचले.

बोटीचे दुखणे निराळे का?

मोटारीत किंवा ट्रॅक्टरमध्ये लोखंडी सांगाडाच परतीची तार म्हणून उपयोगी पडतो. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला ही सोय नाही. तिचे अंग विद्युतरोधक असते, म्हणून प्रत्येक अँपिअरला केबलमधूनच परत यावे लागते. इंजिन बोटीच्या तळाशी असल्याने तेथे ओल कायमची. समुद्राच्या पाण्यात मीठ, म्हणजे ते उत्तम वाहक. तांब्यावर हिरवट थर चढतो. खारे पाणी केबलच्या टोकातून बारीक तारांमधल्या फटींत वातीतल्या तेलासारखे आत चढते आणि वरचे आवरण शाबूत दिसत असताना आतले तांबे काळे पडते. म्हणून बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची केबल वापरणे चांगले. तापीचे पाणी गोडे, त्यामुळे येथे गंजाचा वेग कमी. पण ओल आणि गोडे पाणीही लोखंडाला सोडत नाही.

जिवापेक्षा मोठे काही नाही

शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये गॅस्टन प्लान्टे यांनी बनवली. ती भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीची जागा हवेशीर ठेवावी. जोडणी सोडताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून इंजिनाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. हातातली अंगठी, कडे, घड्याळ आधी काढावे. शेकडो अँपिअरची धारा अंगठी क्षणात लाल करते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी, असे कोणी समजू नये.

बोटीचे इंजिन पेट्रोलचे असेल, तर धोका आणखी मोठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी साचते आणि स्टार्टरही तेथेच असतो. म्हणून आधी पंखा लावून ती वाफ बाहेर काढतात, मगच किल्ली फिरवतात. मोटारीचा स्वस्त स्टार्टर अशा बोटीला लावू नये. बोटीचा स्टार्टर ठिणगी बाहेर पडणार नाही असा बंदिस्त बनवलेला असतो.

इंजिन पाण्यावर बंद पडले, तर पहिले काम मीटर काढण्याचे नव्हे. आधी नांगर टाकावा, बोट स्थिर करावी, सर्वांना जीवरक्षक जाकिटे घालायला लावावीत, मग दोष शोधावा. आणि स्टार्टरची खात्री नसेल, तर बोट धक्क्याला बांधेपर्यंत डिझेल इंजिन बंदच करू नये. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले, की चालू राहण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही.

करून पाहा

हा सारा प्रकार शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर करता येतो. टॉर्चचे दोन सेल एकसर जोडून ३ व्होल्ट घ्या. १०० ओहमचा रोध जोडलेला लाल एलईडी आणि खेळण्यातील छोटी मोटर एकमेकांना समांतर जोडा. मोटरच्या तारेत एक स्विच ठेवा. आता सेल आणि ही जोडी यांच्यामध्ये १० ओहमचा एक रोध एकसर घाला. हा आपला गंजलेला जोड. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असे रोध मिळतात.

मोटरचा स्विच बंद असताना एलईडी छान उजळतो. १० ओहमच्या रोधाची त्याला खबरही नसते. आता मोटरचा स्विच लावा. मोटर फिरत नाही किंवा कशीबशी फिरते, आणि एलईडी एकदम मंदावतो किंवा विझतो. मल्टिमीटर असेल, तर सेलवरचा, १० ओहमच्या रोधावरचा आणि मोटरवरचा दाब मोजून बेरीज जुळते का पाहा. मग रोध काढून तार सरळ जोडा. मोटर कशी फिरते?

विचार करा

१. स्टार्टर लावताच बोटीतले दिवे मंद होतात. दिवे थेट बॅटरीला जोडलेले असतील, तर यावरून काय कळते? ते इंजिनाच्या अंगावरून परतीची वाट घेत असतील, तर निष्कर्ष बदलेल का?

२. किल्ली न फिरवता लग आणि इंजिनाचे अंग यांच्यात मीटर ० व्होल्ट दाखवतो. याचा अर्थ जोड चांगला आहे, असे म्हणता येईल का?

३. तुमच्या घरचा किंवा शेजारचा ट्रॅक्टर सकाळी कुरकुरत सुरू होत असेल, तर मोठ्या माणसांना सोबत घेऊन वरील चार ठिकाणचे दाब मोजा आणि वहीत लिहा. बेरीज जुळली, तर चोर कोणत्या तुकड्यात आहे, ते तुम्हीच त्यांना सांगू शकाल.